पळवलेले घड्याळ आणि आभासी नगरी

संगणकीय खेळांचा इतिहास बहुधा विक्रीच्या आकड्यांनी आणि तांत्रिक विक्रमांनी लिहिला जातो. अमुक साली अमुक खेळ आला, त्याने इतक्या लाख लोकांना वेड लावले, मग दुसरा आला. या इतिहासाला समांतर असा निराशेचाही एक इतिहास आहे. हजारो माणसांनी एकाच वेळी एकाच कल्पित प्रदेशात वावरायचे, अशा ऑनलाइन भूमिका-खेळांच्या बाबतीत तर तो फारच ठळकपणे दिसतो. खेळाडू मोठ्या अपेक्षेने येतो, दरमहा वर्गणी भरतो, ऐन लढाईत खेळ बंद पडतो आणि तो म्हणतो, 'आपली फसवणूक झाली.' प्रस्तुत लेखात या वाक्याचा थोडा खोलात जाऊन विचार करायचा आहे. ज्या वर्षांत ही तक्रार रूढ झाली, त्याच वर्षांत तक्रार करणाऱ्यांपैकी काहींनी आपल्या संगणकाचे घड्याळ कारखान्याने आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे पळवलेले होते. मग बंद पडला तो खेळ की संगणक? प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण दोष कोणाचा हे ठरवायचे कसे, आणि ते ठरेपर्यंत कोणी कोणावर विश्वास ठेवायचा, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

सुरुवात 'अल्टिमा ऑनलाइन'पासून करणे सोयीचे. टेक्सासमधील ऑस्टिनच्या ओरिजिन सिस्टिम्स या संस्थेने हा खेळ २४ सप्टेंबर १९९७ रोजी बाजारात आणला. ओरिजिन तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या मालकीची झाली होती. एकट्याने खेळायच्या 'अल्टिमा' मालिकेमुळे रिचर्ड गॅरियट यांचे नाव आधीच मोठे होते. त्या मालिकेतले ब्रिटानिया नावाचे राज्य आता हजारो लोकांसाठी खुले होणार होते आणि तिथला राजा 'लॉर्ड ब्रिटिश' म्हणून स्वतः गॅरियट वावरणार होते. रचनाकारांमध्ये राफ कॉस्टर प्रमुख होते. नुसते राक्षस मारण्याचे मैदान उभारणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. शिंपी, लोहार, सुतार, दरोडेखोर, व्यापारी अशा सर्वांचे एक नांदते जग त्यांना हवे होते.

त्या जगाची सर्वांत देखणी कल्पना म्हणजे तिथली निसर्गसाखळी. गवतावर हरणे आणि मेंढ्या जगतील, त्यांच्यावर लांडगे जगतील. माणसांनी हरणे संपवली, तर भुकेलेले श्वापद गावाकडे वळेल. कागदावर हे मोहक होते. प्रत्यक्षात दारे उघडताच खेळाडूंनी जे हलताना दिसेल ते मारायला सुरुवात केली. लांडग्याने हरणाची वाट पाहावी एवढी उसंतच त्या जंगलाला मिळाली नाही. शिवाय प्रत्येक प्राण्याने आपले भक्ष्य सतत शोधत राहायचे, याचा सर्व्हरवर पडणारा भार मोठा होता. शेवटी ती व्यवस्था काढून टाकावी लागली, आणि ती होती हे बहुतेक खेळाडूंना कळलेही नाही.

अर्थव्यवस्थेची गतही तीच. जगातील एकूण साधनसंपत्ती ठरावीक ठेवायची, लोखंड वितळले की ते वस्तूत जाईल, वस्तू मोडली की पुन्हा खाणीत उगवेल, अशी बंदिस्त रचना आखलेली होती. पण माणसे वस्तू मोडत नाहीत, साठवतात. हजारो सदरे, हजारो तलवारी पेट्यांत पडून राहिल्या आणि जगात नवे काही उगवेनासे झाले. मग संपत्तीचे नळ एका बाजूने सोडावे आणि दुसऱ्या बाजूने निचरा करावा, अशी मोकळी रचना स्वीकारली गेली. तिच्यात चलनवाढ आली, आणि आज्ञावलीतल्या फटी शोधून नाण्यांच्या नकला करणारेही आले. झॅकरी सिम्प्सन यांनी २००० साली या आभासी बाजारपेठेवर एक निबंध लिहिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तो रंजक वाटेल.

लेखाच्या विषयाशी अधिक जवळची घटना मात्र त्याआधीची, ऑगस्ट १९९७ मधली आहे. खेळ अजून चाचणी अवस्थेत होता. लॉर्ड ब्रिटिश आपल्या प्रजेसमोर उभे असताना 'रेन्झ' नावाच्या एका खेळाडूने चोरलेल्या मंत्रपटाने त्यांच्यावर आगीची भिंत सोडली आणि अमर असलेला राजा सर्वांदेखत मेला. कारण अगदी साधे होते. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि राजाला मिळणारे अभय पुन्हा चालू करायचे राहून गेले होते. ही कथा आज विनोदाने सांगितली जाते. पण यंत्रातला एक बिघाड कथेतल्या घटनेत कसा उतरतो आणि तिथे त्याचा अर्थच कसा बदलून जातो, याचे हे आद्य उदाहरण म्हणता येईल. पाहणाऱ्यांना राजहत्या दिसली. घडला होता तो सर्व्हरचा पुनरारंभ.

खेळ सुरू झाल्यावर असे प्रसंग रोजचे झाले. डायल-अप जोडणीमुळे पात्र पाऊल टाकायचे आणि ते पाऊल काही क्षणांनी पडायचे. सर्व्हर कोसळला की जग शेवटच्या जतन केलेल्या क्षणाकडे मागे जायचे आणि मधल्या वेळेतली कमाई पुसली जायची. गावाबाहेर पडलेल्या नवख्यांना मारून लुटणाऱ्या टोळ्या निराळ्याच. चिडलेले खेळाडू राजवाड्यात शिरले आणि त्यांनी आपल्या पात्रांचे कपडे उतरवून निषेध नोंदवला. १९९८ मध्ये काही खेळाडूंनी कॅलिफोर्नियात सामूहिक दावाही दाखल केला. वेष्टनावर दिलेली वचने पाळली गेली नाहीत, ही त्यांची तक्रार होती. खेळात हरलो म्हणून न्यायालयात कोणी जात नाही. खेळ ही एक सेवा आहे आणि ती चोवीस तास चालली पाहिजे, ही अपेक्षा इथे प्रथमच न्यायालयाच्या दारापर्यंत गेली. २००० साली कंपनीने अख्ख्या जगाची दुसरी प्रत काढली. एकीत खून-दरोड्याला मुभा राहिली, दुसरीत राहिली नाही. बहुसंख्य लोक सुरक्षित प्रतीत निघून गेले, आणि मूळ जगाचे भक्त मात्र त्या दिवसापासून त्या जगाचा अंत मोजतात.

हे सगळे होत असताना घरातल्या टेबलाखालच्या पेटीत दुसरेच नाट्य चालू होते.

संगणकातील प्रोसेसर एका ठेक्यावर चालतो. प्रत्येक ठोक्याला आधीच्या पायरीचे उत्तर उचलायचे आणि पुढच्या पायरीला द्यायचे. हा ठेका दोन संख्यांच्या गुणाकाराने ठरे. एक मदरबोर्डवरील मार्गाचा, म्हणजे 'बस'चा वेग, आणि दुसरा प्रोसेसरचा गुणक. कारखान्यात तयार झालेल्या सगळ्या चिप सारख्या नसतात. त्या तपासून त्यांच्यावर वेगाचा शिक्का मारला जातो. उन्हाळ्यातल्या बंद खोलीत, विजेचा दाब थोडा कमी असताना, काही वर्षे वापरून झाल्यावरही चिपने चुकू नये, म्हणून शिक्का तिच्या खऱ्या क्षमतेपेक्षा थोडा कमी वेगाचा मारतात. शिक्का आणि क्षमता यांच्यामध्ये राहिलेले अंतर ही खरे तर ग्राहकासाठी ठेवलेली राखीव शिल्लक. पण हौशी माणसाला ती फुकट पडून राहिलेली मालमत्ता वाटते. ती वसूल करण्याच्या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

या उद्योगाचे सुवर्णयुग ऑगस्ट १९९८ मध्ये सुरू झाले. इंटेलने 'सेलेरॉन ३०० ए' नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याची ठोक किंमत सुमारे १४९ डॉलर होती. याच सुमारास आलेल्या पेंटियम टू ४५० ची किंमत ६६९ डॉलर होती. सेलेरॉनचा गुणक ४.५ आणि बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. गुणक कुलूपबंद होता. त्याआधी कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचे खोटे शिक्के मारून विकण्याचे प्रकार बाजारात झालेच होते. पण बसचा वेग मात्र मदरबोर्डवर बदलता येई. ६६ ऐवजी १०० केला, की साडेचार गुणिले शंभर, म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ. अबिट कंपनीचा 'बीएच ६' हा मदरबोर्ड यासाठी विशेष नावाजला गेला. ज्यांच्या बोर्डावर अशी सोय नव्हती, ते प्रोसेसरच्या एका विशिष्ट संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून बोर्डाला चकवत. शिवाय या सेलेरॉनमधला १२८ किलोबाइटचा कॅश प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले, पेंटियम टूचा मोठा कॅश निम्म्या वेगाने. त्यामुळे चौथ्या हिश्श्याहूनही कमी किमतीत महागड्या प्रोसेसरची बरोबरी होऊ लागली. विद्यार्थ्यांना आणि बेताच्या कमाईच्या हौशी मंडळींना याचे अप्रूप वाटले, यात नवल नाही.

पण या व्यवहारात दोन गोष्टी दिसत नव्हत्या. पहिली उष्णता. वेग दीडपट केला आणि स्थैर्यासाठी विजेचा दाब २.० व्होल्टवरून २.२ वर नेला, तर उष्णता दीडपट होऊन थांबत नाही. ती वेगाच्या आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे १.८ पट होते. दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. बसचा वेग वाढला की तिच्यावर अवलंबून असलेले इतर भागही पळू लागत. बस १०० वर नेली तर बोर्ड तिचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झ, डिस्क आणि इतर कार्डांच्या मार्गाला देई, आणि ३३ हाच त्यांचा नेमस्त वेग होता. पण ज्यांचा प्रोसेसर १०० ला पेलवत नसे, ते मधला ८३ चा आकडा निवडत. तिथे निम्मा हिस्सा, म्हणजे ४१.५ मेगाहर्ट्झ, त्या मार्गावर जाई. प्रोसेसर सुखरूप राही आणि डिस्कवरच्या फायली मात्र हळूहळू खराब होत. मालकाला वाटे, आज खेळाची नवी दुरुस्ती उतरवून घेतली, तीच सदोष होती.

वेग वाढवलेल्या प्रोसेसरच्या चुकीचे स्वरूपही समजून घेण्याजोगे आहे. यंत्र धूर काढून बंद पडले तर शंका उरत नाही. इथे तसे होत नाही. आकडेमोडीचे उत्तर तारेच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच पुढचा ठोका पडतो आणि जुनाच आकडा उत्तर म्हणून उचलला जातो. अब्जावधी ठोक्यांत एखाद्या वेळी असे होते. एखादा अक्षरांचा मजकूर लिहिताना ते कधी घडणारही नाही. तासन्‌तास प्रोसेसर, स्मृती आणि ग्राफिक्स कार्ड यांना राबवणाऱ्या खेळात मात्र ते हमखास घडते. खेळ बंद पडतो, पडद्यावर खेळाचेच नाव असलेली एक चौकट येते, आणि साक्षीपुरावा तिथेच संपतो.

ऑनलाइन खेळात अशा बंद पडण्याची किंमत अधिक होती. मार्च १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला. त्याला त्रिमितीय चित्रे काढणारे ग्राफिक्स कार्ड असणे सक्तीचे होते. म्हणजे जगात प्रवेश मिळवण्यासाठीच अनेकांना संगणकावर खर्च करावा लागला, आणि उरलेली तूट घड्याळ पळवून भरून काढण्याचा मोह वाढला. एकट्याने खेळायच्या खेळात यंत्र थांबले तर मागच्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात करता येते. इथे आपला संगणक थांबला तरी जग थांबत नसे. जोडणी तुटलेले पात्र काही काळ निश्चल उभे राही, राक्षस त्याला मारत. मेल्यावर कष्टाने कमावलेला अनुभव घटे आणि अंगावरची सगळी सामग्री प्रेतापाशी पडून राही. ती आणायला तशाच धोकादायक जागी रिकाम्या हाताने परत जावे लागे. बरोबरच्या पाच जणांची संध्याकाळ वाया गेली ती वेगळीच. घरातल्या यंत्राने एका आकड्याची चूक करावी आणि तिची शिक्षा अनोळखी शहरातल्या सोबत्यांनी भोगावी, अशी ही व्यवस्था होती.

सभापर्वातल्या मयसभेची इथे आठवण होते. दुर्योधनाला स्फटिकाची जमीन पाण्यासारखी दिसली आणि पाणी जमिनीसारखे दिसले. एकदा पाण्यात पडल्यावर तो भक्कम जमिनीवरही पाऊल जपून टाकू लागला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ऑनलाइन खेळाडूची स्थिती काहीशी अशीच होती. खेळ खरोखरच चुकांनी भरलेला होता, त्यामुळे प्रत्येक चूक खेळाचीच वाटे. खेळ तयार करणाऱ्यांनाही ठाऊक होते की लोक यंत्रे पळवतात, त्यामुळे प्रत्येक तक्रारदाराकडे ते संशयाने पाहत. दोघांचाही संशय निराधार नव्हता. म्हणूनच तो मिटत नव्हता.

हा पेच सोडवण्याचा पुरावा प्रथम खेळांच्या बाहेरून आला. विंडोज प्रणालीत काही बिघडले की त्याचा अहवाल मायक्रोसॉफ्टकडे पाठवण्याची सोय झाली होती. २००५ मध्ये तिथले रेमंड चेन यांनी अशाच अहवालांविषयी लिहिले. काही अहवालांत प्रोसेसर ज्या आज्ञेवर अडखळला होता, ती आज्ञा अडखळण्याजोगीच नव्हती. स्वतःजवळच्या एका कप्प्यातला आकडा शून्य कर, एवढेच तिचे काम. त्यात स्मृतीचा संबंध नाही, डिस्कचा नाही, कोणत्याही चुकलेल्या पत्त्याचा नाही. अशी आज्ञा फसते याचा अर्थ प्रोसेसरच स्वतःशी बेइमान झाला आहे. चौकशी केली तेव्हा काही ग्राहकांनी घड्याळ पळवल्याचे कबूल केले. काहींना तर ओव्हरक्लॉकिंग हा शब्दही माहीत नव्हता, आणि तरीही त्यांचे संगणक पळवलेलेच निघाले. छोट्या दुकानदारांनी स्वस्त प्रोसेसर बसवून, त्याचा वेग वाढवून, तो वेगवान म्हणून विकला होता.

हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जोडून घेण्याची परंपरा आपल्या ओळखीची आहे. पेटी उघडून आत काय बसवले आहे हे तपासणारे थोडे, दुकानदाराच्या शब्दावर घेणारेच फार. चेन यांनी सांगितलेली हकीकत अमेरिकेतली आहे, पण तिचा धडा अशा प्रत्येक ग्राहकाला लागू पडतो. यंत्राच्या मालकालाच आपल्या यंत्राची खरी अवस्था ठाऊक नसू शकते. मग 'माझा संगणक उत्तम आहे, तुमचा खेळच वाईट' हे त्याचे म्हणणे खोटे नसले, तरी पुरावा म्हणून उभे राहत नाही.

त्याच वर्षी, २८ एप्रिल २००५ रोजी, एरिनानेट या संस्थेचा 'गिल्ड वॉर्स' हा ऑनलाइन भूमिका-खेळ प्रसिद्ध झाला. त्याला मासिक वर्गणी नव्हती, म्हणून त्याचे विशेष कौतुक झाले होते. संस्थापकांपैकी पॅट्रिक वायट यांनी २०१२ मध्ये त्या काळाची एक आठवण लिहून ठेवली आहे. खेळ बंद पडल्याचे असंख्य अहवाल येत. त्यातले बरेच समजण्यासारखे असत आणि दुरुस्त होत. काही मात्र अशक्य असत. आज्ञावली वाचून पाहिली तर तसे घडणे शक्यच नाही, असे दिसे. तेव्हा माइक ओब्रायन या त्यांच्या सहकाऱ्याने खेळातच एक छोटी परीक्षा घातली. स्मृतीचा एक तुकडा घ्यायचा, त्यावर ठरावीक आकडेमोड करायची, आणि उत्तर आधीच माहीत असलेल्या बरोबर उत्तराशी ताडून पाहायचे. खेळ चालू असताना दर सेकंदाला तीस ते पन्नास वेळा ही परीक्षा चाले. सुस्थितीतला संगणक तिच्यात कधीही नापास व्हायला नको होता, कारण दोन आणि दोन किती एवढेच त्याला विचारलेले होते.

सुमारे एक टक्का संगणक नापास झाले. वायट यांनीच हिशेब मांडला आहे की खेळाडू दहा लाख असतील, तर हे प्रमाण दहा हजार यंत्रांवर जाते. कारणे एकच नव्हती. वेग वाढवलेला प्रोसेसर, चुकीच्या वेळमर्यादेवर चालवलेली स्मृती, अपुरी वीजपुरवठा पेटी, धुळीने कोंदून तापलेला संगणक. अशा यंत्रावर खेळ बंद पडला की खेळाडूपुढे एक पान उघडे आणि यंत्रात काय बिघडले असू शकते, याची माहिती त्याला मिळे.

या छोट्या परीक्षेला मी या इतिहासातले एक वळण मानतो. तिच्याआधी खेळाडू आणि निर्माता यांच्यात केवळ वाद होता. एकाने म्हणायचे 'तुमची आज्ञावली', दुसऱ्याने म्हणायचे 'तुमचे यंत्र'. परीक्षेने त्या दोघांच्या मध्ये एक मोजपट्टी ठेवली. आणि मोजपट्टी दोन्ही बाजूंनी मोजते. एक टक्का यंत्रे नापास झाली, तशी नव्व्याण्णव टक्के यंत्रे पासही झाली. त्या यंत्रांवरच्या बिघाडांची जबाबदारी टाळायला निर्मात्यांना आता जागा उरली नाही. वायट यांच्या त्याच लेखात उलट बाजूचाही एक किस्सा आहे. खेळाडूंकडे जाणाऱ्या आवृत्तीतला एक दोष कार्यालयात कोणाच्याच संगणकावर दिसत नव्हता. शोध घेता कळले की सर्व प्रोग्रामरांच्या यंत्रांवर कंपायलरची सुधारित आवृत्ती बसवली होती, पण अंतिम आवृत्ती ज्या यंत्रावर तयार होई, तेच यंत्र सुधारायचे राहून गेले होते. म्हणजे 'आमच्याकडे तर नीट चालते' हे निर्मात्यांचे वाक्यही खेळाडूच्या शपथेइतकेच कच्चे निघाले.

पुढे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील एडमंड नाइटिंगेल, जॉन डूसर आणि व्हिन्स ऑर्गोव्हन यांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या विद्यावर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे दोन निष्कर्ष इथे पुरेसे आहेत. घड्याळ अगदी थोडे पळवले तरी यंत्राची विश्वासार्हता लक्षणीय घटते. आणि ज्या यंत्रात यंत्रदोषामुळे एकदा बिघाड झाला, त्यात तो पुन्हा होण्याची शक्यता आधीच्या तुलनेत शंभरपटीच्या आसपास वाढते. 'एकदाच झाले, पुन्हा नाही होणार' ही जी हौशी माणसाची समजूत असते, तिला या आकड्यांनी आधार ठेवला नाही.

इथवरच्या कथेत राखीव शिल्लक उडवणारा गुन्हेगार ग्राहक होता, किंवा फार तर त्याचा दुकानदार. त्यानंतरच्या काळात मात्र चित्र पालटले. २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत गरजेनुसार आपोआप वेग वाढवण्याची सोय आली. खुल्या गुणकाचे प्रोसेसरही अधिकृतपणे जादा किमतीला विकले जाऊ लागले. म्हणजे चिकटपट्टीचा तुकडा लावून जे चोरून करावे लागे, ते आता वेष्टनावर छापून येऊ लागले. शिक्का आणि क्षमता यांमधले अंतर उत्पादक स्वतःच कमी करत गेला. मदरबोर्डवालेही स्पर्धेत पुढे राहण्यासाठी विजेच्या मर्यादा मूळ मांडणीतच सैल ठेवू लागले.

याचा परिणाम २०२४ मध्ये दिसला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरांवर खेळ वारंवार बंद पडू लागले. त्यातही गंमत अशी की पडद्यावर अनेकदा 'ग्राफिक्सची स्मृती अपुरी' असा संदेश येई. लोकांनी ग्राफिक्स कार्डांना शिव्या दिल्या, खेळांना दिल्या. प्रत्यक्षात दाबून साठवलेली माहिती उलगडताना प्रोसेसर चुकत होता. 'पाथ ऑफ टायटन्स' हा डायनोसॉरांचा ऑनलाइन खेळ करणाऱ्या ऑलडेरॉन गेम्सने जुलै २०२४ मध्ये उघडपणे प्रोसेसरांवर ठपका ठेवला. त्याच महिन्यात इंटेलने मान्य केले की प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब प्रमाणाबाहेर जात होता. ऑगस्टमध्ये त्यावरील सुधारणा आली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली. आधीच झिजलेली चिप मात्र सुधारणेने पूर्ववत होणार नव्हती. या ग्राहकांपैकी अनेकांनी कोणतेही घड्याळ पळवले नव्हते. पेटी उघडून, यंत्र जोडून, ते केवळ खेळायला बसले होते.

या सगळ्या घटना एका ओळीत ठेवल्या की निराशेच्या इतिहासाचे एक सूत्र हाती लागते. अल्टिमा ऑनलाइनच्या रचनाकारांनी जगाच्या क्षमतेविषयी जे वचन दिले, ते त्यांच्या सर्व्हरांच्या आणि मनुष्यस्वभावाच्या ताकदीपलीकडचे होते. सेलेरॉनच्या मालकाने आपल्या चिपकडून तिच्या शिक्क्यापलीकडचे मागितले. पुढे उत्पादकानेही तेच केले. तिघांनाही राखीव अंतर म्हणजे वाया जाणारी जागा वाटली. वास्तविक पुलाच्या बांधणीत, बैलगाडीच्या ओझ्यात, घरखर्चात आपण अशी जागा जाणूनबुजून ठेवतो. ती रोज उपयोगी पडत नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. ती संपली आहे हे कळते, तेव्हा बहुधा दुसऱ्याच कोणावर तरी आळ आलेला असतो.

म्हणून खेळाडूने निराश होऊच नये, असा याचा अर्थ नाही. १९९८ च्या दाव्यामागची अपेक्षा रास्तच होती. पैसे घेऊन दिलेले वचन पाळले गेले पाहिजे, आणि बिघाडाचा अहवाल पाठवणाऱ्याला आधी आरोपी समजणे गैरच. पण तक्रारीला वजन येते ते तपासणीने. घड्याळ मूळ वेगावर आणून पाहावे, स्मृतीची चाचणी रात्रभर चालवावी, पंख्यातली धूळ काढावी. एवढे करूनही खेळ बंद पडत असेल, तर मग निःशंकपणे निर्मात्याला जाब विचारावा. आणि निर्मात्यानेही ओब्रायन यांच्यासारखी परीक्षा आधी स्वतःच्या यंत्रांवर, विशेषतः अंतिम आवृत्ती घडवणाऱ्या यंत्रावर, चालवून पाहावी.

अल्टिमा ऑनलाइन हा खेळ इतक्या वर्षांनंतरही चालू आहे. त्याच्या जंगलात लांडगे आणि हरणे आहेत; फक्त त्यांचा एकमेकांवर अवलंबून असलेला संसार नाही. सेलेरॉन ३०० ए मात्र आता संग्राहकांच्या कपाटात सापडतो. त्याच्या अंगावर आजही ३०० हाच आकडा छापलेला आहे.